भिंतीतले जोड

४ फेब्रुवारी

साहेब,

अभिनंदन. तुमचं काम झालं.

विमा कंपनीचं उत्तर आज आलं. घराची पॉलिसी मार्चअखेर संपते. पुढच्या वर्षी हप्ता जवळजवळ तिप्पट, आणि तो भरूनही आगीचं संरक्षण नाही. चोरी झाली तर देतील, छप्पर उडालं तर देतील, आग लागली तर आमचं आम्ही बघायचं. वायरिंग ‘शंकास्पद’ आहे म्हणे. लायसन असलेल्या माणसानं तपासून दाखला दिला तर फेरविचार करतील. आणि आगीचा विमा नसेल तर बँक काय करते हे तुला सांगायला नको. दुकान वाढवलं तेव्हा घर तारण ठेवलं, त्या कागदावर तुझीही सही आहे. विमा नाही तर सगळं कर्ज एकदम परत, ते जमत नसेल तर घर विका. पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून पोट भरणाऱ्या माणसाकडे एवढी रक्कम एकदम असते का, हे तूच सांग. तू शिकलेला आहेस.

कंपनीनं मागच्या आठवड्यात सर्व्हेअर पाठवली होती. पंचविशीतली मुलगी. बूट दाराबाहेर काढून आत आली, एवढं मात्र तिचं कौतुक. बाकी प्रत्येक प्रश्न असा, की जणू मी घर नाही, चोरीचा माल दाखवतोय.

“छप्पर किती जुनं?”

म्हटलं, सात वर्षांचं. जुने पत्रे काढून नवे टाकले, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती, एक थेंब आत येत नाही.

“बिल?”

स्वतःच्या घरावर स्वतः चढून केलेल्या कामाचं बिल कोण कोणाला देणार? तिनं लिहून घेतलं : छप्पर, वय घराइतकंच. पाण्याचे लोखंडी पाइप मी बदललेत, त्याचंही तेच झालं. मग म्हणाली, घर विकून किती येतील ते आम्ही बघत नाही, पडलं तर पुन्हा बांधायला किती लागतील ते बघतो. एवढ्या जाड विटांच्या भिंती आणि असली दारं आज करायची म्हणजे नव्या घरापेक्षा महाग. म्हणजे बाजारात हे घर जुनाट, आणि विम्यात एकदम भारी! वर अग्निशमन केंद्र हलवून हायवेपलीकडे नेलंय, आपली गल्ली अरुंद, बंब वळत नाही, त्याचेही पैसे माझ्याकडून. छपरावर वाकलेल्या फांदीचे वेगळे. पंधरा वर्षांत एकदाही क्लेम केला नाही म्हटल्यावर हसून म्हणाली, “त्याची थोडी सूट आहे, काका.”

हे सगळं मी गिळलं. पण वायरिंगबद्दल मी स्वच्छ सांगितलं होतं : सगळी तांब्याची, मी स्वतः केलेली. बोर्ड उघडून दाखवला. तिनं मान डोलावली. त्यानंतर हे पत्र. भिंतीच्या आत काय आहे हे भिंत सांगत नाही, कुणीतरी माणूस सांगतो. घर दोघांच्या नावावर आहे, तुझा नंबर त्यांच्याकडे आहे. तिनं तुला फोन केला आणि तू पाच वर्षं पोटात ठेवलेलं ओकून मोकळा झालास.

लहानपणी तुला टेस्टर म्हणायचो. दिसेल त्या भोकात टेस्टर घालून बघायचास. सवय गेली नाही.

दादा

१३ फेब्रुवारी

टेस्टर,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘दादा, मला कुणाचाही फोन आला नाही. वहिनी बऱ्या आहेत ना?’ वहिनी ठणठणीत आहे. फोन आला नाही यावर मी विश्वास ठेवावा अशी तुझी अपेक्षा असेल तर ती तुझ्याजवळच राहू दे.

तू विसरला असशील म्हणून पाच वर्षांपूर्वी काय झालं ते मीच लिहितो. माझ्या हिशेबात चुका नसतात.

तू बायको-मुलीला घेऊन आला होतास. पुढच्या खोलीत तुमची झोपायची सोय केली होती. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. माझे सासरे होते, शेजारचे मास्तर होते. तुझी लेक येऊन म्हणाली, “काका, तुमची भिंत गरम आहे.” सगळे हसले. तू ताट सोडून उठलास. खरकटा हात तसाच वर धरून, दुसऱ्या हातानं भिंत चाचपलीस, नाक लावून हुंगलीस, आणि परत येऊन सगळ्यांदेखत म्हणालास, “दादा, ह्या भिंतीत एक दिवस आग लागेल.”

सासऱ्यांदेखत! ज्या माणसानं मला, ‘मुलगा दहावी शिकला नाही, पण हातात कसब आहे’ म्हणून मुलगी दिली, त्याच्यासमोर. ते मास्तर तर स्वतःच्या घरची ट्यूबलाइट बदलायला मला बोलवायचे. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

मी म्हणालो, “मग झोपू नका त्या खोलीत.” यात घराबाहेर काढण्यासारखं काय होतं? तुमचं तुम्हीच सामान बांधलंत. तुझी वहिनी दारात पोरीचा फ्रॉक धरून उभी होती, विसरलात म्हणून. तोही घेतला नाहीत.

आता मुद्द्याचं. घराची वायरिंग जवळजवळ सगळी तांब्याची आहे. वडिलांनी पुढच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा ॲल्युमिनियमची तार घातली, तेव्हा सगळेच घालायचे. ती गिलाव्यात गाडलेली आहे. मागच्या खोल्या वाढवल्या तेव्हा मी तांबं ओढलं आणि जुन्याला जोडलं. तू म्हणणार, दोन धातू जोडले की जोड ढिला होतो, तापतो. पुस्तकात असेल तसं. मी आयुष्यभर पीळ घालतोय, माझ्या हातचा पीळ सुटून परत आलेली एक मोटार दाखव.

कंपनीला दाखला पाहिजे. तुझ्याकडे तपासणीचं लायसन आहे. तू ह्या घरात वाढलास, अर्धं घर तुझं आहे, भिंत न् भिंत तुला ठाऊक आहे. सही करून पाठव. उपकार म्हणून नको. मालक म्हणून.

दादा

२१ फेब्रुवारी

‘भिंती उघडल्याशिवाय सही करणार नाही.’

एवढंच लिहायला तुला आठवडा लागला? तू अकरावीत होतास तेव्हा तुझी वह्यापुस्तकं आणायला मी जायचो, दुकानदाराला म्हणायचो, हलकी कशाला, चांगली द्या. आज माझाच शब्द तुला हलका वाटतो.

तुझ्यावाचून अडलेलं नाही. इथला एक कंत्राटदार बोलावला होता. भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, “उघडावी लागेल शेठ.” त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा आला. तो तर खोलीत शिरलाच नाही. पायरीवरच म्हणाला, “साहेब, कशाला धूळ करताय? दाखला मी देतो. माझं काय ते बघा, झालं.” त्याला चहासुद्धा दिला नाही. न बघता सही करणाऱ्या माणसाची सही माझ्या भिंतींना नको. उद्या तो कुणाच्याही घरावर करेल.

तुझी वहिनी म्हणते, “मग भाऊजींना तुम्ही काय करायला सांगितलं होतं?” तिला काही कळत नाही. तुझी गोष्ट वेगळी आहे. तू घरचा आहेस.

मार्च तोंडावर आलाय. बँकेचा एक जण दुकानात येऊन गेला. गोड बोलला. गोड बोलायला लागले की समजायचं.

दादा

२ मार्च

टेस्टर,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

काल विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो. दुसरा मजला, थंडगार हॉल, बसायला त्या फिरत्या खुर्च्या, ज्यांच्यावर माणूस भांडूच शकत नाही, एका बाजूला वळून जातो. सर्व्हेअर मुलगी भेटली. मी खिशातून एक नमुना काढून तिच्या टेबलावर ठेवला. सकाळी दुकानात बसून मुद्दाम केला होता. तारेवर तार, सहा पीळ, वर टेप, टोक दाबून बसवलेलं. म्हटलं, हा माझा जोड. ओढून बघा.

तिनं ओढला. दोन्ही हातांनी. सुटला नाही. म्हणाली, “फारच सुंदर आहे, काका.” मग तो उजेडात धरला. “पण हा तांब्याला तांब्याचा आहे. तुमच्या भिंतीत कशाला काय जोडलंय?”

मी खुर्ची सरळ केली.

मग मी तुझ्यावर आलो. म्हटलं, माझ्या भावानं तुम्हाला फोनवर काय सांगायचं ते सांगितलंच आहे, मला कशाला विचारता? तिनं पेन खाली ठेवलं. “तुमच्या भावाला? मी कधी फोन केला? मला तर ते कुठं असतात हेही माहीत नाही.”

मग कुणी सांगितलं?

ती जरा घुटमळली. म्हणाली, “तुम्ही छपरासाठी शिडी आणायला गेला होतात. काकूंनी मला चहा आणून दिला. येताना त्यांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला. असा, उलटा. पोराचा ताप बघतात तसा. परत जाताना पुन्हा लावला. मी विचारलं, काय बघता? त्या म्हणाल्या, ‘काही नाही हो, सवय आहे.’” आणि मग, मान खाली घालून, “काका, ज्या घरात भिंतीचा ताप बघायची सवय लागते, तिथं मी काय लिहायचं?”

घरी आलो. तुझी वहिनी पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होती.

“पुढच्या खोलीच्या भिंतीला हात का लावतेस?”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? त्या मुलीनं बघितलं.”

तिनं दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या. “गरम आहे का ते बघते.”

“कधीपासून?”

“भाऊजी गेले तेव्हापासून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“त्यांनी सांगितलं होतं की,” ती म्हणाली. “काय झालं ते बघितलंच मी.”

मग तिनं सगळं सांगितलं, शर्टाच्या बाह्या दुमडत, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. पुढच्या खोलीत इस्त्री करायची नाही, ती मागच्या खोलीत. हिवाळ्यात हीटर लावला की पाण्याची मोटार बंद. पाहुणे आले की त्यांचं अंथरूण त्या भिंतीपासून लांब. आणि मी कामासाठी बाहेरगावी गेलो, की मी कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभं राहायचं आणि मग आत येऊन पुढच्या खोल्यांचा फ्यूज काढून ठेवायचा. परत यायच्या दिवशी पुन्हा बसवायचा. मी पाय धूत असताना टीव्ही चालू असायचा, मला वाटायचं, काय सुरळीत चाललंय घर!

माझी लेक कॉलेजातून आली. तिला विचारलं, तू तुझा लॅपटॉप पुढच्या खोलीत का लावत नाहीस? म्हणाली, “बाबा, नियम आहे ना तो.” कुणाचा नियम? “तुमचाच ना? मला वाटलं तुम्हीच घातलाय. एवढे काटेकोर नियम दुसरं कोण घालणार?”

आई-लेकी हसल्या. मीही हसलो असतो, पण माझं तोंड तसं झालं नाही.

हे बघ. माझ्या तीनशेच्या वर मोटारी विहिरींवर, गिरण्यांमध्ये चालू आहेत. लोक माझं काम न तपासता पैसे देतात. आणि माझ्या घरात दोन बायका पाच वर्षं माझ्या कामाभोवती पाऊल जपून चालल्या, झोपलेल्या कुत्र्याभोवती फिरतात तशा. भिंतीला भीत होत्या की मला, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

फोनचा आळ तुझ्यावर घेतला होता, तो मागे घेतो. तेवढाच. सगळ्यांदेखत बोललास ते मागे घेतलेलं नाही. मला बाजूला बोलवून सांगितलं असतंस तर. तर काय, तेही मला सांगता येत नाही.

तीच मुलगी जाताना आणखी एक म्हणाली, तेही लिहितो, कारण ते मला जास्त लागलं. वायरिंग नवी करून लायसनवाल्याचा दाखला जोडला, तर हप्ता आजच्यापेक्षाही खाली येईल. आधीच्या पॉलिसीतसुद्धा ‘वायरिंग : घरमालकानं स्वतः केलेली’ म्हणून जादा आकार लावलेला होता. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःच्या कारागिरीचा दंड भरत होतो, आणि पावतीवर सही करत होतो.

दादा

११ मार्च

टेस्टर,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं, चुका काढायला जागाच नाही. स्वतः येतोस, बरोबर एक माणूस आणतोस, चार-पाच दिवसांत जुनी तार सगळी काढून नवी घालतोस, दाखल्यावर सही करतोस, मजुरी घेणार नाहीस. अट एकच : काम चालू असताना दादानं कशालाही हात लावायचा नाही.

ही अट वाचून मी पत्र तुझ्या वहिनीकडे दिलं आणि दुकानात निघून गेलो. ग्राहक बाहेर थांबला होता, त्याला उद्या ये म्हटलं. संध्याकाळी घरी आलो तर तिनं तिची बॅग पलंगावर काढून ठेवली होती, रिकामी, उघडी. म्हटलं, हे काय? म्हणाली, “भाऊजी येणार असतील तर मी इथं आहे, त्यांना जेवायला लागेल. येणार नसतील तर मी बहिणीकडे जाते. विम्याचं तुमचं तुम्ही बघा, मला त्या भिंतीला आणखी हात लावायचा नाही.” आवाज चढवला नाही. तिनं आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

रविवारी मी मेन स्विच बंद केला. दुकानातला खडू आणला, ज्यानं मोटारींवर खुणा करतो तो. तू भिंती उघडणार, तर कुठं उघडायच्या हे माहीत असायला हवं. नाहीतर तुझा माणूस सगळा गिलावा फोडत सुटेल. नकाशा कागदावर नव्हता, कधीच नव्हता. डोळे मिटून उभा राहिलो की मला दिसतं, कुठून तार आली, कुठं वळली, कुठं मी तिला पकडली. पुढच्या खोलीत पलंगामागे एक फुली. दाराच्या वर एक. दुसऱ्या खोलीत खिडकीच्या दोन्ही बाजूंना. तुझी वहिनी ओला फडका हातात घेऊन मागे मागे येत होती. तिला वाटलं, एवढंच. मी स्वयंपाकघरात गेलो.

“इथंही?”

ओट्यावरच्या बोर्डाखाली फुली मारली. मग न्हाणीच्या बाहेर. मग लेकीच्या खोलीत, जी मी स्वतः बांधली, जिथं सगळं नवं आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्या वर्षी तांबं महाग होतं आणि वडिलांनी उरलेल्या ॲल्युमिनियमचं एक भेंडोळं माळ्यावर ठेवलं होतं. चांगलं होतं. वाया घालवणं मला कधी जमलं नाही.

ती लेकीच्या खोलीच्या दारात उभी राहून मागे बघत होती. घरभर पांढऱ्या फुल्या.

“एवढ्या?” म्हणाली.

“प्रत्येक जोड पक्का आहे,” मी म्हणालो.

तिनं फडका खांद्यावर टाकला आणि लेकीचा पलंग एकटीनं ओढून खोलीच्या मधोमध आणला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, “राहू द्या.”

तर ये. शुक्रवारी येतोयस ना, मी दुकानाच्या माळ्यावर झोपायची सोय केली आहे, त्यामुळे हात लावायचा प्रश्नच नाही. खोल्या खाली केल्या आहेत. शिडी जिन्याखाली आहे, तिची तिसरी पायरी दुरुस्त केलेली आहे, बिनधास्त चढ. मधली भिंत फोडताना वरून खाली ये, खालून वर गेलास तर विटा सुटतील. फुल्या पुसू नका, त्या बोटभरही इकडेतिकडे नाहीत. आत काय सापडलं, काळं पडलं होतं की नाही, हे मला सांगू नकोस. दाखल्याची एक प्रत विमा कंपनीला दे, एक बँकेला, दोघांकडून पोचेची सही घे. आणि तुझ्या लेकीला घेऊन आलास तर तिची शाळा बुडेल, तरी आणायची तर आण.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाकू. काम झाल्यावर भिंती तशाच उघड्या ठेवून निघायचं. तुझ्या माणसाला गिलाव्याला हात लावू द्यायचा नाही. सिमेंट-वाळू मी आणून ठेवली आहे, चाळून. भिंती बुजवायला लायसन लागत नाही. मी त्या सर्व्हेअर मुलीला फोन करून विचारून घेतलंय.

दादा